बदकाचा पाय आणि घरातली औषधाची पेटी

खेड्यातल्या डॉक्टरकडे फक्त माणसेच येतात, असा शहरातल्या लोकांचा समज असतो. आमच्या सिहोरा भागात तसे नाही. स्वतःची नाडी दाखवून झाली, चिठ्ठी हातात पडली, की उठता उठता हळूच प्रश्न येतो, "डॉक्टरसाहेब, घरच्या बदकाचा पाय दुखावला जी, एखादी गोळी द्या ना." बकरी, गाय, कोंबडी यांच्याविषयी हा प्रश्न जुनाच आहे. बदकाची त्यात भर पडली, याचेही नवल नको. चांदपूरचा जलाशय, बावनथडी नदी, गावोगावचे मालगुजारी तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्या असलेल्या या मुलखात बदक हा पक्षी परका नाही. पूर्वी तो अंड्यांसाठी पाळत. आता मुलांच्या हट्टाखातरही बाजारातून पिवळे पिल्लू घरी येते, त्याला नाव ठेवले जाते आणि ते घरातलेच एक होऊन बसते.

अशा बदकाचा पाय दुखावला की घरोघरी साधारण तीन प्रकार होतात. कोणी म्हणतो, कशाला त्याच्या मागे लागता, रविवारी रस्सा करा. कोणी घरातल्या औषधाच्या पेटीतली दुखण्याची गोळी अर्धी करून पाण्यात विरघळवून पाजतो. आणि कोणी बांबूच्या कामट्या लावून सुतळीने पाय करकचून बांधून टाकतो. माझ्या मते तिन्ही प्रकार घाईचे आहेत. शिवाय त्यांचा परिणाम त्या बदकापुरता राहत नाही, घरातल्या माणसांच्या आरोग्यापर्यंत पोहोचतो. म्हणून आरोग्याच्या या सदरात आज बदकाचा पाय घेतला आहे.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी माणसांचा डॉक्टर आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ नुसार जनावरांवर व पक्ष्यांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. तेव्हा या लेखात औषधांची मात्रा शोधू नका, ती मिळणार नाही. पण औषधाच्या आधी लागते ते शहाणपण आणि औषधानंतर लागते ती शुश्रूषा, या दोन्ही गोष्टी माणूस आणि पक्षी यांच्या बाबतीत फारशा वेगळ्या नाहीत. त्याविषयी जरूर बोलता येईल.

पाय कशाने दुखावतो?

अंड्यातून बाहेर आलेले बदकाचे पिल्लू जो हलताना दिसेल त्याला आई समजून त्याच्या मागे लागते. कोनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हंस-बदकांच्या या स्वभावाचा मोठा अभ्यास केला. प्राण्यांच्या वर्तनावरील कामासाठी १९७३ साली त्याला इतर दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरात या प्रेमाचा परिणाम असा होतो की पिल्लू सतत पायांत घोटाळते आणि कोणाच्या तरी पायाखाली, दारात किंवा खाटेच्या पायाखाली सापडते.

दुसरे कारण म्हणजे पाय धरून उचलणे. आठवडी बाजारातून कोंबड्या-बदके पाय बांधून, उलटी लटकवून सायकलच्या हँडलला अडकवून नेताना आपण रोज पाहतो. बदकाचे पाय पोहण्यासाठी बनले आहेत आणि शरीराच्या मानाने नाजूक आहेत. लटकवल्याने सांधा निखळतो, कधी हाडही मोडते. प्राण्यांना यातना होतील अशा रीतीने नेणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० नुसार गुन्हाही आहे. बदक उचलायचे ते दोन्ही हातांनी, पंख अंगाशी धरून आणि खालून पोटाला आधार देऊन.

तिसरे कारण दोऱ्याचे. जाळ्याचा तुटका धागा किंवा पतंगाचा नायलॉन मांजा पायाला गुंडाळला जातो, चालता चालता आवळतो आणि मांसात रुततो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर तो झाडांवर, तारांवर आणि तलावाच्या काठावर लोंबकळत असतोच. लंगडणाऱ्या बदकाच्या पायाभोवती आधी दोरा शोधावा.

चौथे कारण आपल्या अंगणातले. मातीचे अंगण गेले आणि सिमेंटचे आले. कठीण, खडबडीत आणि सतत ओल्या राहणाऱ्या जमिनीवर बदकाच्या तळव्याला चिरा पडतात, त्यातून जंतू आत शिरतात आणि तळवा सुजून मध्ये काळी खपली धरते. पशुवैद्य याला बंबलफूट म्हणतात. मधुमेहाच्या रोग्याच्या तळपायाला होणारी जखम ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना हा प्रकार लगेच समजेल. वरून लहान दिसते आणि आत हाडापर्यंत पोखरत जाते. खपली नखाने किंवा ब्लेडने काढू नये. ते काम पशुवैद्याचे.

पायाचे दुखणे पायातच असते असे नाही

आपल्या धानपट्ट्यातल्या जुन्या माणसांना हे सांगायला नको. महिनोन्महिने लाखोरीच्या डाळीवरच गुजराण झाली तर चांगल्या धडधाकट माणसाचे पाय ताठ होऊन तो काठीवर येतो. दोष पायाचा नसतो, ताटातला असतो. बदकाचेही तसेच आहे.

बदकाच्या पिल्लाला नायसिन हे ब गटातले जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरेच जास्त लागते. ते कमी पडले की पाय वाकतात, सांधे जाड होतात आणि पिल्लू पाय फाकून बसते. मक्याचा भरडा हेच ज्याचे एकमेव अन्न, त्याला हा धोका अधिक, कारण मक्यातले नायसिन शरीराला सहज मिळत नाही. माणसात याच जीवनसत्त्वाच्या कमतरतेने पेलाग्रा होतो. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली, दख्खनमध्ये जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत हा रोग का दिसतो, याकडे वैद्यकाचे लक्ष वेधले होते. औषध साधे आहे: अन्नात विविधता. धान्याबरोबर ताजा कोंडा, हिरवा पाला, थोडी लहान मासळी आणि पशुवैद्याने सांगितल्यास यीस्ट. मात्र बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड किंवा भिजून काळे पडलेले धान्य कधीही घालू नये. बुरशीतून तयार होणाऱ्या अफ्लाटॉक्सिन या विषाला बदक इतके हळवे आहे की एकेकाळी हे विष ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत बदकाची पिल्लेच वापरत.

अंड्यावर आलेली मादी पाय ओढू लागली, शेपटी खाली टाकून जोर करू लागली, तर अंडे अडकलेले असू शकते. उन्हाळ्यात आटत चाललेल्या, कुजक्या पाण्याच्या बोडीत चरणाऱ्या बदकांचे आधी पाय, मग पंख आणि शेवटी मान लुळी पडते. ती बोट्युलिझमची विषबाधा असू शकते. जाळ्याला लावलेल्या शिशाच्या गोळ्या गाळातून गिळल्या गेल्या तरी पाय लुळे पडतात. अशा वेळी पायाला कामट्या बांधून काय होणार? दोन्ही पाय एकदम गेले असतील किंवा एकाहून अधिक बदके आजारी असतील, तर तो अपघात नव्हे हे ओळखावे.

पहिल्या दिवशी काय करावे?

बदकाला शांत, सावलीच्या जागी मोठ्या टोपलीत किंवा खोक्यात ठेवा. खाली जुने मऊ कापड किंवा कोरडे, स्वच्छ तणस पसरा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटे न उचलता दाबून धरा. जखम उकळून गार केलेल्या, मीठ घातलेल्या पाण्याने धुवा. एक लिटर पाण्याला दोन लहान सपाट चमचे मीठ पुरते. हळद-तेल, बाम, चुना किंवा रॉकेल यांतले काहीही लावू नका. चुना आणि रॉकेल कातडी भाजतात. तेलाने पिसे चिकटतात, अंगाची ऊब जाते आणि पाण्यात उतरलेले बदक भिजून गारठते.

त्यानंतर नुसते पाहा. बदक थोडे लंगडते पण पाय टेकवते, खाते-पिते, तर एक-दोन दिवसांची सक्तीची विश्रांती देऊन वाट पाहता येते. पाय अजिबात टेकवत नाही, पाय लोंबतो, वेडावाकडा दिसतो, हाड बाहेर आले आहे, किंवा पंजा दुसऱ्या पंजापेक्षा थंड आणि काळपट पडला आहे, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. पक्ष्याचे हाड माणसापेक्षा लवकर जुळते, साधारण तीन आठवड्यांत. हे ऐकायला चांगले आहे, पण वाकडे राहिलेले हाडही तितक्याच लवकर वाकडे जुळते. तेव्हा 'आठ दिवस पाहू' हा सल्ला येथे महागात पडतो.

घट्ट बांधण्याविषयी थोडे अधिक सांगतो, कारण ते माणसांनाही लागू आहे. झाडावरून पडलेल्या मुलाच्या हाताला कामट्या लावून घट्ट पट्टी बांधतात. आत सूज वाढते, पट्टी मात्र वाढत नाही. रक्तपुरवठा बंद पडतो आणि मूळ मोडीपेक्षा मोठे नुकसान होते. कधी हात कायमचा आखडतो, कधी कापावा लागतो. बदकाच्या पायाला मांस आणखी कमी, त्यामुळे तेथे हे तासाभरातही घडू शकते. नेताना तात्पुरता आधार द्यायचाच तर मऊ कापडाची सैल घडी पुरे. बदकाच्या छातीभोवतीही काही आवळू नये. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड हलते तेव्हाच त्याला श्वास घेता येतो. छाती आवळली की बदक गुदमरते. चोच उघडून घशात पाणी ओतणेही तसेच धोक्याचे. ते सरळ श्वासनलिकेत जाते.

माणसांच्या गोळ्या नकोत

आता औषधाच्या पेटीकडे वळू. "माणसाला चालते ते पाखराला का चालू नये, आम्ही तर अर्धीच दिली," असे लोक म्हणतात. याचे उत्तर आपल्या आकाशाने दिले आहे. पन्नाशीच्या वाचकांना लहानपणी मेलेल्या ढोरावर उतरणारी गिधाडांची झुंड आठवत असेल. १९९०च्या दशकापासून ती झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातली संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण बराच काळ कळेना. २००४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचे औषध मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. २०२३ साली त्याच कुळातल्या एसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांच्यावरही बंदी आली. गुडघेदुखीसाठी घरोघरी पडून असलेल्या गोळ्यांपैकी दोन याच यादीतल्या आहेत, हे लक्षात घ्या. याउलट त्याच वर्गातले मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरले. म्हणजे एकाच कामाच्या दोन औषधांपैकी एक मारते आणि एक तारते. ती निवड पेटीत हात घालून करायची नसते.

प्रतिजैविकांचे, म्हणजे अँटिबायोटिक औषधांचे प्रकरण तर आपल्याच गळ्याशी येते. कोणी दोन दिवस कॅप्सूल उघडून दाण्यात कालवतो, बदक सुधारत नाही असे पाहून तिसऱ्या दिवशी त्याचा रस्सा करतो. ते औषध मग पोरांच्या ताटात येते. अर्धवट मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचे राखून ठेवलेले औषध. कोंबड्यांच्या खाद्यात त्याचा सर्रास वापर होऊ लागला म्हणून केंद्र सरकारला २०१९ साली खाद्य-प्राण्यांसाठी त्यावर बंदी घालावी लागली. माझे मत स्पष्ट आहे. कापायचे असेल तर औषध देण्यापूर्वी ठरवा. एकदा औषध सुरू केले की पशुवैद्य सांगेल तितके दिवस त्या बदकाचे मांसही नको आणि अंडेही नको.

तीन आठवड्यांची शुश्रूषा

पशुवैद्याने पाय बसवून दिला की खरे काम घरच्यांचे. ज्यांनी खुब्याचे हाड मोडलेली आजी सांभाळली आहे त्यांना ते शिकवावे लागणार नाही. एका जागी पडून राहिल्याने आजीच्या पाठीला जखमा होतात, तशा बदकाच्या छातीच्या हाडावर होतात. म्हणून अंथरूण मऊ आणि कोरडे असावे, दिवसातून दोनदा बदलावे. बुरशीचा वास येणारे तणस वापरू नये, ती बुरशी फुप्फुसात जाते. दाणा-पाणी चोचीच्या टप्प्यात असावे. पाण्याचे भांडे इतके खोल हवे की डोके बुडवता येईल, कारण डोळे व नाकपुड्या बदक अशानेच स्वच्छ ठेवते.

पोहण्याविषयी नेहमी विचारतात. उघडी जखम किंवा पट्टी असेतोवर पाणी नको. ती बरी झाली आणि पशुवैद्याने हो म्हटले, की मोठ्या टबात स्वच्छ, किंचित कोमट पाण्यात रोज काही मिनिटे सोडावे. पाण्यात शरीराचे वजन पायावर येत नाही आणि स्नायूंना मात्र व्यायाम होतो. मोठ्या दवाखान्यांत पक्षाघाताच्या रोग्यांना पाण्यातले व्यायाम देतात ते याच तत्त्वावर. बाहेर काढल्यावर पुसून उबेला ठेवावे. आणखी एक गोष्ट म्हणजे बदक हा कळपातला पक्षी आहे. दुसरे बदक असेल तर ते नजरेसमोर राहू द्यावे. एकटे कोंडलेले बदक खाणे सोडते.

घरातल्यांची काळजी

आजारी बदक स्वयंपाकघरात ठेवू नये. त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू येतात, हगवण आणि ताप देतात. पाच वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर बायकांनी व म्हाताऱ्या माणसांनी बिछाना साफ करू नये. इतरांनी हात साबणाने धुवावेत, आणि पिल्लाचा मुका घेण्याची मुलांची सवय मोडावी. बदकाचे अंडे पूर्ण शिजवूनच खावे.

बर्ड फ्लूचे भान हवे. देशातला पहिला उद्रेक २००६ साली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. २०२१ साली या रोगाने एका मुलाचा दिल्लीत मृत्यू झाला. देशातली ती पहिली नोंद. डिसेंबर २०२४ मध्ये तर नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. बदक हा विषाणू स्वतः फारसे आजारी न पडता बाळगू शकते. त्यामुळे बदके किंवा कोंबड्या अचानक पटापट मरू लागल्या तर हात लावू नका, कापू नका, तलावात फेकू नका. पशुसंवर्धन विभागाला कळवा.

थंडीत तलावावर उतरणारी जखमी रानबदके, अडई, नकटा वगैरे, ही पाळीव नव्हेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ती घरी ठेवता येत नाहीत, औषध करण्यासाठीही नाही. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे.

काही शे रुपयांचे बदक

शेवटी आक्षेपाचे बोलू. "डॉक्टर, माणसांना एक्स-रे काढायला पैसे नाहीत, आणि तुम्ही बदकाचे काय घेऊन बसलात?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. धान विकून हातात काय उरते हे मी रोज पाहतो. कोणी कर्ज काढून बदकाचे ऑपरेशन करावे, असे माझे म्हणणे नाही. पण मी वर जे सांगितले त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. तणस घरचे, मीठ घरचे, पाहण्याची नजर आपली. तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांची सोय सरकारने याचसाठी केली आहे, आणि फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

जो प्राणी आपण पाळला त्याला विनाकारण यातना होऊ न देणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे १९६० चा कायदाच म्हणतो. कधी उपाय नसतो. हाड चुरले आहे, पंजा मेला आहे, वेदना थांबत नाहीत, असे पशुवैद्याने सांगितले तर त्याच्याकडूनच वेदनारहित मरण देणे हाही उपचारच आहे. तसे झाल्यास मुलांना खरे सांगावे. 'उडून गेले' असे खोटे सांगू नये. मुले समजून घेतात. ती समजून घेत नाहीत ती एकच गोष्ट: काल नाव ठेवून कुशीत घेतलेले पिल्लू आज पाय मोडला म्हणून उकिरड्यावर कसे गेले. उद्या घरात कोणी अंथरुणाला खिळले, तर त्याची शुश्रूषा करणारे हात हेच आहेत. ते आज काय पाहतात, याला महत्त्व आहे.

तेव्हा वाचकहो, दुखण्याच्या गोळ्यांची पेटी बंद ठेवा, सुतळी बाजूला ठेवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन नंबर आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.